तो दुसरा क्वार्टर

धुळ्याहून निघालेली जळगावची एसटी पारोळ्याच्या स्टँडात शिरली, तेव्हा वृषाली बिऱ्हाडे खिडकीला डोकं टेकून बसली होती. महामार्ग आता गावाबाहेरून जातो, घाईच्या गाड्या गावात येतही नाहीत. ही आली, म्हणून तिला बरं वाटलं. स्टँडावर द्राक्षं विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. कंडक्टरने दार उघडलं आणि उन्हाचा, धुळीचा, तळलेल्या मिरचीचा ओळखीचा वास आत आला.

जळगावला शाळकरी मुलींची जिल्हास्तरीय नेटबॉल स्पर्धा होती आणि बक्षीस द्यायला पाहुणी म्हणून तिला बोलावलं होतं. पत्रिकेवर नावाखाली 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं छापलं होतं. धुळ्याच्या कॉलेजात मुलींना खेळ शिकवून तिला बरीच वर्षं झाली होती, वयाची चाळिशी दारात उभी होती, तरी ते दोन शब्द वाचले की तिला अजून थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. कोणा दुसऱ्याचाच अंगरखा आपण घातलाय, असं.

गाडी किल्ल्याच्या बाजूने वळली आणि तिला आपली शाळा आठवली.

सातवीत असताना ती एकाएकी वाढली. एवढी की दिवाळीत शिवलेला ड्रेस संक्रांतीला आखूड झाला. आई, कुंदाबाई, दर दोन महिन्यांनी शिवण उसवून खालची पट्टी सोडायची. नळावरच्या बायका म्हणायच्या, "गुलाबभाऊनी पोर कितली वाढी गयी वं! हिले नवरदेव कथाईन लयशात?" एवढ्या उंचीचा नवरा कुठून आणायचा, हे ऐकून ऐकून वृषाली खांदे पाडून, मान खाली घालून चालायला शिकली. वर्गात मागच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, आणि मागच्या रांगेतही गुडघे वाकवून.

तिचे वडील गुलाबभाऊ अमळनेर डेपोत कंडक्टर होते. माणूस बुटका, पण आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला उतारूही आपलं गाव आलं म्हणून उठावा. एकदा लेकीला तशी वाकून येताना त्यांनी पाहिलं आणि भर चौकात थांबवलं.

"मान वर कर पोरी. मना हात बसना टपले पुरत नही, तुना पुरस. लाज कसानी वाटस?"

पण लाज अशी बापाच्या सांगण्याने जात नाही. ती गेली, म्हणजे निम्मी गेली, चुडामण सरांमुळे.

चुडामण सर शाळेत पीटीचे शिक्षक. एका उन्हाळ्यात ते नागपूरला कुठल्याशा शिबिराला गेले आणि डोक्यात नेटबॉल घेऊन परतले. गावात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. सरांनी लोखंडी सळईच्या दोन रिंगा वळवून घेतल्या, बोअरच्या जुन्या पाइपांवर बसवल्या आणि मैदानात रोवल्या. वेल्डिंगवाला भाईदास पुन्हापुन्हा विचारत राहिला, "मास्तर, मांगे पाटी लावानी ऱ्हाई गयी ना?"

"पाटी नसतेच यात," सर म्हणाले. "बास्केटबॉलला असते. इथं चेंडू नुसता हातातून थेट रिंगेत पडायला हवा. टेकायला मागे काही नाही."

चेंडू घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही, तीन सेकंदांत दुसरीला द्यायचा. अंगाला अंग लावायचं नाही. सात मुलींच्या छातीवर इंग्रजी अक्षरं, कुणी कुठे खेळायचं ते सांगणारी. सरांनी मुलींच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि सरळ मागे उभ्या असलेल्या वृषालीकडे बोट केलं. "तू. गोल कीपर."

कुंदाबाईने जुन्या ओढणीची अक्षरं कापून बनियनवर टाचून दिली, 'जी' आणि 'के'. गावातली पोरं ओरडायची, "ए जनरल नॉलेज! भारताची राजधानी कोणती?" वृषालीला त्याचं हसू यायचं. आजवर ती ताड होती, खांब होती, शिडी होती. जनरल नॉलेज त्या मानाने बरंच होतं.

एसटी एरंडोलजवळ पोचली, तेव्हा वृषालीच्या मनात मात्र पारोळा मागे पडला होता आणि जळगावचं होस्टेल आलं होतं. होस्टेल म्हटलं की सुनिता.

सुनिता पावरा चोपड्याच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकून कॉलेजसाठी जळगावला आलेली. मुलींच्या सरकारी वसतिगृहात दोघींना एक खोली मिळाली. एक पाच फूट अकरा इंच, दुसरी हिच्या खांद्याखाली. दोघी बाजारात निघाल्या की लोक वळून बघायचे. सुनिता खो-खो खेळायची, आणि अशी पळायची की पायाखाली जमीन आहे की नाही, असं वाटावं. वृषालीने तिला नेटबॉलला ओढलं आणि पहिल्याच आठवड्यात ती सेंटर झाली. सगळ्या मैदानाचा चेंडू सेंटरच्या हातातून जातो. सुनिताच्या हातातून तो कधी गेला, हे समोरच्यांना कळायच्या आत तो पुढे पोचलेला असायचा.

संध्याकाळी होस्टेलच्या मागच्या अंगणात दोघींचा सराव चालायचा. कपडे वाळत घालायच्या तारेला सायकलची जुनी रिम बांधलेली. वृषाली रिमखाली हात उंचावून उभी राहायची आणि सुनिता तिला 'जीके' अशी हाक मारत चिडवायची.

"तू खांब शे का? खांबाला काय, कुणीही वळसा घालून जाईल."

"मग काय करू? उंची हाच माझा खेळ."

"उंची तुझी आहे म्हणून समोरचीची नसेल का? चेंडू रिंगेपाशी आला म्हणजे गेलाच. तो निघतो तिथे बघ ना. देणारीच्या डोळ्यांकडे नको बघू, डोळे खोटं बोलतात. खांदा बघ. हात निघायच्या आधी खांदा निघतो."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बकऱ्या राखल्यास कधी? बकरी कुणीकडे पळणार ते तिच्या तोंडावरून कळत नाही, खांद्यावरून कळतं."

वृषालीने कधी बकऱ्या राखल्या नव्हत्या. पण तिने खांदे बघायला सुरुवात केली. रस्त्यावर, मेसमध्ये, वर्गात. वाढपीण आधी कुणाच्या ताटात वाढणार, हेसुद्धा तिला कळायला लागलं. विद्यापीठाच्या संघात दोघी, मग महाराष्ट्राच्या संघात दोघी. आणि एका फेब्रुवारीत भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तेही दोघींना.

त्या दिवशी दोघींनी भरीत-पुरी खाल्ली, तिखट लागून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शिबिर होळीनंतर होतं. सुनिता म्हणाली, "भोंगऱ्याचा बाजार करून येते. माय वाट बघत असेल. तू तिकिटं काढून ठेव, मी थेट स्टेशनवर येते."

होळीआधीचा तो बाजार म्हणजे त्यांच्या डोंगरातला वर्षाचा सण. ढोल, फुंकून वाजवायची पावरी, चांदीचे दागिने. सुनिता वर्षभर त्याच्या गोष्टी सांगायची. वृषालीने तिला चोपड्याच्या गाडीत बसवून दिलं.

ठरलेल्या दिवशी वृषाली जळगाव स्टेशनच्या फलाटावर दोघींच्या पिशव्या घेऊन उभी होती. गुलाबभाऊ पोचवायला आले होते. गाडीची घोषणा झाली, गाडी आली, लोक चढले. सुनिता आली नाही. वृषाली डब्याच्या दारात उभी राहून जिन्याकडे बघत राहिली. गाडी हलली तेव्हा सुनिताची पिशवी तिने वडिलांच्या हातात दिली.

गुलाबभाऊंनी चोपड्याच्या कंडक्टरांकडून दोनतीनदा निरोप पाठवले. पाड्यावर फोन लागत नव्हता. उत्तर आलं नाही. कुणी म्हणालं, लग्न झालं. कुणी म्हणालं, गुजरातेत ऊसतोडीला गेली. पुढे वृषालीची भारताच्या संघात निवड झाली, तिचंच आयुष्य वेगाने पळायला लागलं, आणि विचारायचं राहून गेलं.

जळगावच्या क्रीडा संकुलात ती पोचली तेव्हा स्पर्धा रंगात आली होती. मांडव, लाउडस्पीकर, हार, पाण्याच्या बाटल्या, सगळं नेहमीचं. संयोजकांनी तिला खुर्चीत बसवलं. मैदानात उपान्त्य सामना चालू होता. एका बाजूला शहरातली शाळा, नवे बूट, नवे स्कर्ट. दुसऱ्या बाजूला धुवून विटलेले निळे टी-शर्ट. निळ्या संघाची कीपर बघून वृषालीला गंमत वाटली. पोर अगदीच लहानखुरी होती. समोरच्या शूटरच्या काखेखाली मावेल एवढी. कुणी हिला कीपर केलं?

मग तिने नीट पाहिलं आणि खुर्चीत सरळ झाली.

ती पोर शूटरकडे बघतच नव्हती. तिला पाठीशी सोडून ती दोन पावलं पुढे येऊन उभी राहत होती, किंचित वाकून, आणि तिची नजर लांब चेंडू धरलेल्या मुलीच्या खांद्यावर होती. खांदा हलला. चेंडू सुटायच्या आत पोर निघाली होती. हवेतच तिने तो ओढून घेतला. मांडवातून ओरडा उठला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

शेजारचे संयोजक काही बोलत होते, ते तिच्या कानावर पडत होतं, आत जात नव्हतं. सामन्याचा पाव भाग, एक क्वार्टर, संपल्याची शिट्टी झाली तशी ती उठली आणि पाहुण्यांनी जाऊ नये तिथे, सरळ मैदानाच्या कडेला गेली. पोर बाटली तोंडाला लावून धापा टाकत होती.

"नाव काय तुझं?"

"सुमली."

"खांदा बघायला कुणी शिकवलं तुला?"

पोरीने बाटलीच्या टोकाने मागे दाखवलं. "आमच्या बाईंनी."

मागे एक बाई पाठमोरी बसून एका मुलीच्या पायाला पट्टी बांधत होती. लहान चण, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पुरुषी शर्ट. पट्टीची गाठ मारून ती उठली, वळली आणि जागच्या जागी थांबली.

"जीके," ती म्हणाली.

सुनितानेच पुढे येऊन तिचा दंड धरला, हलवून पाहिला, जणू खरा आहे का ते बघत होती. "अजून वाढतेच आहेस की काय गं?"

दोघी हसल्या आणि हसताहसता वृषालीचे डोळे भरून आले. तेवढ्यात शिट्टी झाली. "थांब," सुनिता म्हणाली, "आधी सामना," आणि मैदानाकडे तोंड करून पावरी बोलीत काहीतरी ओरडली. तिच्या मुली चटकन आपापल्या जागी पळाल्या.

निळा संघ हरला. थोडक्यात हरला. सुमली रडली, तिला बाकीच्यांनी समजावलं. अंतिम सामना झाला, वृषालीने बक्षिसं दिली, भाषणही केलं. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. कार्यक्रम संपला तेव्हा दुपार कलली होती. बाहेर झाडाखाली सुनिताच्या मुलींची जीप उभी होती आणि मुली केळी खात होत्या.

"धुळ्याची गाडी किती वाजता तुझी?" सुनिताने विचारलं.

"गाड्या काय, रात्रीपर्यंत आहेत. तू सांग. काय झालं होतं?"

सुनिताने केळ्याचं साल सोलून अर्धं केळं तिच्या हातात दिलं. सांगायला अवघड असं त्यात काही उरलं नव्हतं. बाजाराच्या आदल्या दिवशी तिची आई, नानीबाई, तापाने पडली ती उठेचना. वडील, खेमाबाबा, मजुरीला सुरतेकडे गेलेले. धाकटी तीन भावंडं. सुनिताने आईला खाटेवर घालून खाली दवाखान्यात आणलं आणि तिथेच राहिली. आई वाचली, पण उठून चालायला पावसाळा उजाडला. तोवर सगळंच निघून गेलं होतं.

"मग गोपाल मिळाला. नवरा. बरा शे," ती हसली. "पोरींना खेळायला खांब हवे म्हटलं, तर त्याने स्वतः रोवून दिले. राहिलेलं बीए बाहेरून केलं. आता आमच्याच आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. संध्याकाळी पोरींना घेते."

"एक फोन तरी करायचास गं. माझा नंबर चुडामण सरांकडेसुद्धा होता."

सुनिताने केळ्याचं साल झाडाच्या बुंध्याशी टाकलं.

"मला माहीत होतं तू कुठे आहेस. फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, ये. आणि मला येता येत नव्हतं. मग कशाला करू?"

वृषालीने हातातलं अर्धं केळं खाल्लं. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मुली एकमेकींच्या मांडीवर बसून आत मावल्या. सुनिताने जीपच्या दांड्याला हात घातला आणि मागे वळून म्हणाली, "चल ना. मायला भेट. ती अजून विचारते, ती लांब पोर कुठे गेली म्हणून."

वृषालीने घरी फोन करून सांगितलं, आज येत नाही. आणि ती गुडघे छातीशी घेऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसली. शेजारी सुनिता, मागे अख्खा संघ.

जळगाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीचे मळे लागले.

"आता सांग," सुनिता म्हणाली. "तिकडे कसं होतं? विमानापासून सांग."

वृषालीने पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याची ती हकीकत किती सत्कारांत सांगितली होती. शाळांत, विहारात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. पण जिला सांगायला हवी होती तिला सोडून सगळ्यांना. तिने विमानापासून सांगितलं. क्वालालंपूरची दमट हवा, लाकडी मैदान, त्यावर बूट घासल्याचा आवाज. ड्रेसवर चढवायचा, अक्षरं असलेला निळा बिब, त्यावर मागे देशाचं नाव. राष्ट्रगीताच्या वेळी तिने आयुष्यात पहिल्यांदा मान ताठ केली.

"आणि मग ती आली. यजमानांची शूटर. सुनिता, मी समोर बघितलं तर मला तिच्या गळ्यावरचं लॉकेट दिसलं. लॉकेट! मी मान वर केली. अजून वर केली. तेव्हा तोंड दिसलं."

मागे मुली खिदळल्या. सुनिता मात्र हसली नाही. "तू बुटकी ठरलीस?"

"आयुष्यात पहिल्यांदा. मला सुचेचना काय करावं ते. तिला फक्त रिंगेखाली उभं राहायचं होतं. वरून चेंडू यायचा, ती पेरू तोडावा तसा तोडायची आणि आत टाकायची. मी उड्या मारून मेले. पहिल्या क्वार्टरमध्ये तिचा एकही चुकला नाही. आमच्या कोच म्हणाल्या, बदलू का तुला? मी म्हटलं, एक संधी द्या. आणि पाणी पिताना मला होस्टेलची तार आठवली. तुझी बडबड आठवली. खांब शे का तू."

सुनिता रस्त्याकडे बघत होती.

"मग मी तिला सोडलंच. पाठीशी ठेवलं आणि पुढे आले. त्यांच्या चेंडू देणाऱ्या मुलीचा उजवा खांदा बघत राहिले. तो जरा वर झाला की चेंडू उंच येणार, खाली गेला की आडवा. पहिला चेंडू नुसता बोटाला लागला. दुसरा हातात आला. हातात, सुनिता! मग एकामागून एक. ती मुलगी गोंधळली, चेंडू द्यायलाच घाबरायला लागली. तीन सेकंद झाले की शिट्टी. तो अख्खा क्वार्टर आमचा झाला. दोन गोलांनी आमचा."

"मग जिंकलात?"

"छे गं. हरलो. सपाटून हरलो. तिसऱ्या क्वार्टरला त्यांनी चेंडू देणारीच बदलली."

आता मात्र सुनिता हसली. डोकं मागे टाकून, पूर्वीसारखी. वृषालीही हसत सुटली. ड्रायव्हर दोघींकडे पाहून बिचकला.

"सामना संपल्यावर ती उंच मुलगी माझ्याकडे आली," वृषाली म्हणाली. "तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही. तिने खांदे पाडले, मान वाकवली आणि लहानपणी ती स्वतः कशी चालायची ते करून दाखवलं. हुबेहूब मी! मग स्वतःच्या हनुवटीखाली बोट लावून मान वर केली. अगदी माझ्या बापासारखी."

त्यानंतर ती पाच वर्षं भारताकडून खेळली. आणखी स्पर्धा, आणखी देश, मग गुडघा, मग नोकरी. ते तिने दोनचार वाक्यांत संपवलं. सुनितानेही त्याबद्दल फार विचारलं नाही.

"तुला कधी वाटतं का?" वृषालीने हळूच विचारलं. "तू आली असतीस तर?"

"वाटतं. भोंगऱ्याचे ढोल वाजायला लागले की वाटतं. दोनतीन दिवस कुणाशी बोलत नाही मी. गोपालला माहीत आहे." तिने मागे वळून पाहिलं. सुमली दुसऱ्या एकीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड उघडं. "मग पोरी येतात, बाई चेंडू द्या म्हणतात. जावं लागतं."

विदगाव मागे पडलं आणि तापीचा पूल आला. खाली पात्रात पाणी थोडंच होतं, त्यावर तिरपं ऊन पडलं होतं. पलीकडे, लांब, सातपुड्याची निळसर रेघ उमटायला लागली होती.

"जीके," सुनिता म्हणाली.

"काय गं?"

"तो दुसरा क्वार्टर परत सांग. पहिल्या चेंडूपासून. हळू सांग."

वृषालीने पाय जरा सैल केले आणि पहिल्या चेंडूपासून सुरुवात केली.